नवी नळी बसवलेली रोलिंग ब्लॉक: ब्लॅक पावडरच्या काडतुसांची चाचणी कोणत्या क्रमाने करावी?

रॉकीजवासी

नमस्कार. मी कोलोरॅडोत राहतो आणि येथील एका नेमबाजी क्लबात ब्लॅक पावडर काडतूस रायफलींच्या सिल्हूट प्रकारात नियमित भाग घेतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकातील घडणीची, बाहेरून दिसणाऱ्या घोड्याची एकबारी रायफल घ्यायची, काडतुसांत बंदुकीची काळी दारूच भरायची आणि पोलादी पत्र्याच्या आकृत्या पाडायच्या. कोंबडी २०० मीटरवर असते, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर. कोंबड्यांवर उभे राहून, कशाचाही आधार न घेता गोळी झाडावी लागते. पुढच्या तिन्हींसाठी काठ्यांच्या कैचीवर नळी टेकवता येते. आकृतीला गोळी नुसती लागून भागत नाही, ती आडवी व्हावी लागते. त्यामुळे मेंढ्यासाठी गोळी जड असणे भाग पडते.

माझ्याकडे रेमिंग्टनची लष्करी बनावटीची रोलिंग ब्लॉक, म्हणजे नळीचे मागचे तोंड फिरत्या ठोकळ्याने (ब्लॉकने) बंद होणारी रायफल आहे. तिची मूळ नळी आतून गंजाने खाल्लेली होती, म्हणून एका कारागिराकडून ४५-७० या काडतुसाची (गोळीचा व्यास सुमारे ०.४५ इंच, मूळची दारू सत्तर ग्रेन) बत्तीस इंची नळी नव्याने बसवून घेतली. आट्यांचा (नळीतल्या पिळदार खाचांचा) पीळ अठरा इंचांत एक फेरा असा आहे. गोळी पोस्टेल घाटाची, ५३५ ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) असून वीस भाग शिसे आणि एक भाग कथील या मिश्रणातून मी ती ओततो. वंगण मधमाश्यांच्या मेणाचे आहे. स्विस दीड एफ आणि गोएक्स दोन एफ अशा दोन मार्कांच्या दारू हाताशी आहेत (एफचा आकडा दाण्यांचा बारीकपणा दाखवतो). दारू लांब ड्रॉप ट्यूबमधून (दाणे दाट बसावेत म्हणून वापरायच्या उभ्या नळीतून) सोडतो, वर कागदी लगद्याची चकती ठेवतो आणि दाब देण्याच्या डायने ती बसवतो.

अनुभव असा आहे की २०० मीटरवर पहिल्या काही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतात आणि त्यानंतर पुंजका (गोळ्यांच्या खुणांचा समूह) वर सरकत जाऊन विस्कटतो. नळी उघडून पाहिली तर तोंडाजवळचा शेवटचा काही इंचांचा भाग कोरडा आणि कडक किटणाने भरलेला दिसतो. त्याशिवाय चेंबरच्या (काडतूस बसण्याच्या कप्प्याच्या) लगेच पुढे शिशाची बारीक रेघ आढळते. आमच्याकडे हवा फार कोरडी असते, हे लक्षात घ्यावे.

माझे प्रश्न असे आहेत. चाचणीत सर्वप्रथम काय बदलावे: दारू, तिचे वजन, दाब, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) की गोळी? चाचणीच्या वेळी प्रत्येक गोळीनंतर नळी पुसावी की फुंकणी वापरावी? आणि नवी नळी असल्याने ती काही काळ वापरून रुळल्याखेरीज कोणत्याही निष्कर्षावर येऊ नये, असे मानणे योग्य आहे का?

ओतारी

तुमच्या वर्णनातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे नळीच्या तोंडाजवळचे ते कोरडे किटण, आणि माझ्या मते बाकी सर्व प्रश्नांआधी त्याचाच निकाल लावला पाहिजे. काळ्या दारूत पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक असते, आणि ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात उरतो. हे अवशेष मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. हवेत ओल असेल तर ते ती शोषून मऊ राहतात. कोलोरॅडोसारख्या कोरड्या हवेत, आणि त्यातही तापलेल्या नळीत, ते खरखरीत कवचासारखे घट्ट बसतात. पुढची प्रत्येक गोळी त्या कवचावरून घासत जाते, तिचे मऊ शिसे सोलले जाते आणि वंगण अर्ध्या वाटेतच संपते. म्हणून ज्या पुंजक्यातील पहिली गोळी स्वच्छ नळीतून गेली आणि शेवटची किटणावरून खरवडत गेली, तो पुंजका तुमच्या दारूविषयी किंवा तिच्या वजनाविषयी काहीच सांगत नाही. तो फक्त किटणाविषयी सांगतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी नळीची अवस्था प्रत्येक गोळीपूर्वी एकसारखी राहील अशी व्यवस्था करायची, आणि ती साधल्यावरच काडतुसात बदल करायचे. चाचणीपुरते तरी मी पुसण्याच्या बाजूने आहे. पाण्यात विरघळणारे तेल एक भाग आणि पाणी सात भाग अशा मिश्रणात भिजवून चांगली पिळलेली चिंधी गजावरून ब्रीचच्या (मागच्या) बाजूने एकदा पूर्ण बाहेर काढावी, तिच्यामागून कोरडी चिंधी काढावी आणि चेंबरही कोरडे करावे. चेंबर ओले किंवा तेलकट राहू देऊ नये, कारण मग काडतुसाचे पितळ चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही आणि मागच्या ब्लॉकवर अधिक जोर येतो. चिंध्यांची संख्या, ओलावा आणि गज ओढण्याची पद्धत यांत फरक पडू देऊ नये. अशा रीतीने पुसलेल्या नळीतूनही पुंजका विस्कटत असेल तर दोष काडतुसात किंवा रायफलीत आहे, आणि पुंजका आवळत असेल तर तुमचे काडतूस मुळात चांगले आहे व अडचण केवळ किटणाची आहे. इतकी स्वच्छ विभागणी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नाही.

त्यानंतर फुंकणीकडे वळावे, कारण सिल्हूटमध्ये वेळेचे बंधन असते आणि बहुतेक नेमबाज तेथे फुंकणीच वापरतात. रिकाम्या काडतुसाच्या बुडाला भोक पाडून त्यात प्लॅस्टिकची नळी बसवली की फुंकणी तयार होते. ब्लॉक उघडा ठेवून, नळीचे तोंड लक्ष्याच्याच दिशेला असताना ती चेंबरमध्ये बसवावी आणि घाई न करता दीर्घ श्वास सोडावेत. श्वासातील वाफ किटणाला मऊ करते. किती श्वास पुरतात हे त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असते. पावसाळी सकाळी दोन-तीन पुरतात, तर तुमच्याकडच्या उन्हाळी दुपारी त्याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकतात. पुरेसे झाले की नाही हे नळीचे तोंड सांगते. तोंडाच्या कडेभोवती वंगणाची ओलसर चांदणी उमटत असेल तर वंगण शेवटपर्यंत पोहोचत आहे. ती उमटत नसेल आणि कडा राखाडी दिसत असेल, तर एकतर ओल कमी आहे, किंवा गोळीच्या खाचांत बत्तीस इंचांच्या नळीला पुरेल इतके वंगण मावत नाही. पोस्टेल घाटाच्या गोळीत वंगण सहसा पुरेसे मावते, म्हणून माझा संशय ओलाव्यावर आहे.

वंगणाबाबत एक आग्रहाची सूचना: त्यात खनिज तेलापासून बनलेले ग्रीस मुळीच मिसळू नये. काळ्या दारूच्या किटणाशी त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. मेण आणि वनस्पतिजन्य वा प्राणिज चरबी यांवरच राहावे. नवीन नळीला कारागिराने गंज धरू नये म्हणून जे तेल लावलेले असते, तेही पहिल्या गोळीपूर्वी संपूर्ण काढलेले असले पाहिजे.

लेथवाला

ओतारी यांनी किटणाविषयी लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, परंतु चेंबरच्या पुढची शिशाची रेघ त्या स्पष्टीकरणात पूर्णपणे बसत नाही. नळी नवी बसवलेली असल्यामुळे मोजमापांची खात्री करून घेतल्याशिवाय दारू जाळण्यात अर्थ नाही, असे मला वाटते.

पहिली गोष्ट चेंबरची लांबी. ४५-७० च्या पितळी कवचाची ठरलेली लांबी २.१०५ इंच आहे, पण सरळ भिंतीची कवचे झाडल्यावर चेंबरच्या आकाराला फुगतात आणि त्यामुळे लांबीला किंचित आखूड होतात. चेंबर कापणाऱ्या रीमरची लांबी मात्र तेवढीच राहते. कवचाचे तोंड आणि चेंबरची पायरी यांच्यात अशी जी फट राहते, तिच्यात मऊ शिसे फुगून शिरते आणि लगेच पुढे कापले जाते. चेंबरच्या पुढचे शिशाचे कडे बहुधा येथूनच येते. तुम्ही चेंबरचा साचा घ्यावा. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. तो उकळत्या पाण्याहूनही कमी तापमानाला वितळतो, ओतल्यावर आधी थोडा आक्रसतो आणि मग पुन्हा प्रसरण पावून साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाला येतो, म्हणून माप तेव्हाच घ्यावे. फट मोठी निघाली तर लांब कवचे विकत घेऊन ती चेंबरच्या मापाला छाटता येतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याचे फळ लगेच दिसते.

दुसरे म्हणजे नळीचे खरे माप. शुद्ध मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून हळूहळू ठोकून काढावी आणि मायक्रोमीटरने मोजावी. ४५-७० मध्ये आट्यांच्या खाचांचा व्यास ०.४५८ इंच अपेक्षित असतो. गोळी त्याहून बारीक असता कामा नये. ठोकताना हाताला जो विरोध जाणवतो त्याकडेही लक्ष द्यावे. मध्येच सैल आणि मध्येच घट्ट लागत असेल तर नळी एकसारखी नाही, आणि विशेषतः तोंडाकडे ती सैल होत असेल तर कारागिराशी बोलावे लागेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब रोलिंग ब्लॉकच्या जुन्या सांगाड्याची आहे. नळी नवी असली तरी मागचा ब्लॉक आणि त्याच्या पिना एकोणिसाव्या शतकातीलच आहेत, आणि रायफलीची ताकद त्या ठरवतात. हेडस्पेस (ब्लॉक आणि चेंबरमध्ये बसलेले काडतूस यांतली मोकळीक) गेजने तपासून घ्यावे. जुन्या लष्करी रोलिंग ब्लॉकमध्ये फायरिंग पिनचे (प्रायमरवर आदळणाऱ्या खिळीचे) टोक आणि तिचे भोक दोन्ही मोठी असतात, त्यामुळे प्रायमरचा धातू त्या भोकात मागे ढकलला जातो आणि प्रसंगी प्रायमर फुटतो. झाडलेल्या प्रायमरवर उंचवटा दिसत असेल तर ब्लॉकमध्ये बुश (भोक लहान करणारे धातूचे कडे) बसवून पिन बारीक करून घ्यावी. हे सहज होणारे काम आहे आणि नळी बदलतानाच करून घेतलेले बरे असते. आणि ही सूचना केवळ तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या प्रत्येकासाठी आहे: अशा रायफलीत धूरविरहित दारू कोणत्याही प्रमाणात, अगदी प्रायमरजवळ चिमूटभर सुद्धा, घालू नये. अशा दुहेरी भरणीला सिल्हूट स्पर्धेत मनाई आहेच; पण नियम नसता तरी मी हेच सांगितले असते.

नळी रुळण्याविषयी: रीमरने चेंबर कापल्यावर आट्यांच्या सुरुवातीला बारीक कूस राहते आणि ती काही काळ शिसे खरवडत राहते. वापराने ती गुळगुळीत होते. काही जण अपघर्षक लावलेल्या गोळ्या झाडून ती लवकर घालवतात; मला ते पटत नाही, कारण त्या प्रकारात ज्या जागी धातू जायला नको तेथूनही तो जातो. संयम ठेवावा, प्रत्येक वेळी शिसे पूर्ण काढावे आणि रेघ कमी होत आहे की नाही, ते पाहावे.

रॉकीजवासी

दोघांचाही आभारी आहे. हेडस्पेस कारागिराने गेजने तपासून दिला होता आणि ब्लॉकला बुशही बसवलेला आहे. झाडलेले प्रायमर सपाट आणि स्वच्छ दिसतात. चेंबरचा साचा मात्र घेतलेला नाही, तो आता घेईन. माझ्या कवचांची लांबी मोजली असता ती ठरलेल्या मापापेक्षा आखूडच भरली, त्यामुळे लेथवाला यांचा तर्क बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. पुढचा प्रश्न दारूच्या वजनाचा आणि दाबाचा आहे. मूळ काडतुसात सत्तर ग्रेन दारू असे सर्वत्र वाचायला मिळते, परंतु माझ्या कवचात ५३५ ग्रेनची गोळी बसवून तेवढी दारू सहज मावत नाही. ती सत्तरपर्यंत नेण्याचा आग्रह धरावा का?

खडकीकर

मी पुण्यात राहतो आणि माझा संबंध केवळ जुन्या शस्त्रांच्या अभ्यासापुरता आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे येथील वाचकांनी हा धागा माहितीपुरताच वाचावा.

किटणाच्या चर्चेत मार्टिनी-हेन्रीचे काडतूस आठवल्यावाचून राहत नाही. ब्रिटिश लष्कराने १८७१ मध्ये स्वीकारलेली ही रायफल पुढे हिंदुस्थानी पलटणींच्याही हाती आली. तिच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि कागद गुंडाळलेली ४८० ग्रेनची गोळी असे, आणि त्या दोहोंच्या मध्ये पुठ्ठ्याच्या चकत्यांत धरलेला शुद्ध मधमाश्यांच्या मेणाचा एक थर असे. कोरड्या, उष्ण प्रदेशात एकामागून एक गोळ्या झाडताना नळी पुसायला सवड कोठून मिळणार? प्रत्येक गोळीमागून थोडे मेण नळीतून पुढे नेणे, हा त्या काळच्या रचनाकारांनी काढलेला मार्ग होता. तुमच्या नळीचे तोंड कोरडे राहत असेल तर गोळीखाली वंगणाची पातळ चकती ठेवण्याचा प्रयोग त्याच मार्गावरचा आहे. ती ठेवताना मात्र दारू आणि वंगण यांच्यात चकती हवी, नाहीतर वंगण दारूत उतरेल, आणि वंगण व गोळी यांच्यात कागद हवा, म्हणजे ते गोळीच्या बुडाला चिकटून तिचा तोल बिघडवणार नाही.

ओतारी

सत्तरचा आग्रह धरू नये. ४५-७० हे नाव १८७३ साली स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी ठरलेल्या काडतुसावरून आले. त्यात ४०५ ग्रेनची गोळी होती आणि तांब्याच्या दुमडलेल्या बुडाचे कवच होते, ज्यात आतली जागा अधिक असे. आजच्या पितळी कवचाचे बूड भरीव आणि जाड असते, शिवाय तुमची गोळी कितीतरी लांब आहे. तेव्हा आकडा विसरून जागेकडे पाहावे. काळ्या दारूत एकच नियम मोडता येत नाही: दारू, चकती आणि गोळी यांच्यात रिकामी जागा राहता कामा नये. दारू गोळीच्या बुडापर्यंत भरलेली आणि किंचित दाबलेली असली पाहिजे, कारण रिकामी जागा राहिल्यास नळीला वा चेंबरला इजा होऊ शकते. हा नियम पाळून तुमच्या कवचात जितकी दारू येईल तितकी तुमची दारू, मग ती बासष्ट ग्रेन असो की अडुसष्ट.

दाब किती द्यावा हे दारूवर ठरते, आणि खरी चाचणी येथेच करायची असते. स्विस दारूचे दाणे कठीण आणि गुळगुळीत असतात. ड्रॉप ट्यूबमधून सोडल्यावर ते स्वतःच दाट बसतात, म्हणून त्यांना हलका दाब मानवतो, म्हणजे दारूचा थर सुमारे ०.०६० इंच खाली बसेल इतका. गोएक्सला त्याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक दाब दिल्यावर ती सारखी जळते आणि किटणही मऊ ठेवते. दाब नेहमी डायने द्यावा, गोळीने नव्हे. वीस-एकच्या मऊ मिश्रणाची गोळी दारूवर रेटली तर तिचे बूड आणि नाक दोन्ही बिघडतात. तुमच्या हवेचा विचार करता मी स्विस दीड एफपासून सुरुवात करीन, कारण तिचे किटण तुलनेने ओलसर राहते. एकाच लॉटची दारू घ्यावी, गोळी, चकती आणि प्रायमर तेच ठेवावेत, आणि दाब थोडा-थोडा वाढवत प्रत्येक पायरीवर पुसलेल्या नळीतून पुंजका घ्यावा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की वही कितीही नीट ठेवली तरी तिच्यातून काही वाचता येत नाही.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) असल्यास जरूर लावावा, पण वेगाच्या मागे लागू नये. ५३५ ग्रेनची गोळी सेकंदाला बाराशे फुटांच्या जवळपास निघाली तर ती मेंढ्याला पुरते. महत्त्व वेगाच्या सारखेपणाला आहे. इतक्या संथ गोळीला ५०० मीटर कापायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि एका गोळीपासून दुसरीपर्यंत वेग वीसएक फुटांनी इकडे-तिकडे झाला तरी तेवढ्या अंतरावर उभ्या दिशेत वीतभर फरक पडतो. १०० यार्डांवर हा फरक दिसतच नाही, म्हणून तेथील सुंदर पुंजक्यावर विश्वास ठेवू नये. २०० मीटरवर निवड करावी आणि टर्कीच्या अंतरावर ती पक्की करावी. आडवा विस्तार बहुधा वाऱ्याचा किंवा नेमबाजाचा असतो. उभा विस्तार मात्र काडतुसाचा, किटणाचा किंवा उजेडाचा असतो. ऊन-सावली बदलत असेल तेव्हा नोंद करताना तेही लिहावे.

प्रायमर सर्वांत शेवटी बदलावा. काळी दारू सहज पेट घेते, तिला जोरदार ठिणगीची गरज नसते. उलट मंद प्रायमरने वेग अधिक सारखा येतो असे अनेकांना आढळले आहे, आणि काही जण त्यासाठी प्रायमरच्या भोकावर आतून पातळ कागदाची टिकली ठेवतात. हा फरक बारीक असतो, त्यामुळे बाकी सर्व स्थिर झाल्याशिवाय तो दिसणारही नाही.

लेथवाला यांनी सांगितलेला चेंबरचा साचा आधी घ्या आणि कवचांचा प्रश्न मिटवा. शिशाचे कडे साचत असताना दाबाची चाचणी घेणे म्हणजे पुन्हा किटणाचीच चाचणी घेणे होईल. आणि रेंजवरून परतल्यावर झाडलेली कवचे त्याच दिवशी साबणाच्या पाण्यात टाकावीत. रात्रभर तशीच राहिली तर क्षारांनी पितळ डागळते आणि पुढे ते चरायला लागते. ज्या लांब कवचांवर तुम्ही आता पैसे खर्च करणार आहात, ती अनेक हंगाम टिकली पाहिजेत.

लेथवाला

एक लहानशी भर घालतो. चेंबरचा साचा घेताना चेंबरच्या पुढे नळीत चिंधीचा बोळा घट्ट बसवावा, म्हणजे सेरोसेफ एक इंचाहून पुढे जाणार नाही, आणि नळी आधी थोडी कोमट करून घ्यावी. साच्यावर कवचाच्या तोंडापाशी येणारी पायरी आणि तिच्यापुढे आटे सुरू होईपर्यंतचा उतार, ही दोन्ही मापे येथे कळवली तर कवचे किती लांबीला छाटायची आणि गोळी कितपत बाहेर ठेवायची, हे नेमके सांगता येईल.